देठावरचा तांबूस डाग आणि आमचे नवे परीक्षक

प्रिय आल्बेर्तिना,

(मठात तुला सगळे मदर म्हणोत. जिच्याबरोबर मी नन्सच्या शाळेत एका बाकावर शिक्षा भोगल्या, तिला मी नावानेच हाक मारणार.) प्रभू तुझे गुडघे सांभाळो, माझे त्याने केव्हाच सोडून दिले. तुझा खोकला, तुमचे गळके छप्पर आणि ती भांडकुदळ स्वयंपाकीण सिस्टर, तिघांची खुशाली कळव. मी ठणठणीत आहे. राग आला की माझी तब्येत सुधारते.

रागाचे कारण असे. आमच्या सहकारी संस्थेने फळांची प्रतवारी करणारे यंत्र आणले. पट्ट्यावरून नासपती पळतात, वरून कॅमेरे डोळे वटारतात आणि क्षणात निकाल लागतो: ही पहिल्या प्रतीची, ही दुसऱ्या, ही रसाच्या कारखान्यात. अध्यक्ष एव्हारिश्तु (याला भागाकार मीच शिकवला, उपयोग झाला नाही) याने जाहीर केले की सप्टेंबरात मारियामातेच्या पालखीला यंदा यंत्र निवडेल त्याच बागेची फळे लागतील. पालखीला आमची फळे माझ्या आजीच्याही आधीपासून लागतात, म्हणून मी निर्धास्त होते. पेट्या ओतल्या, आणि मेल्याने माझी झाडून सगळी फळे रसात ढकलली! एव्हारिश्तुची ओढ्याकाठची पाणचट, गुळगुळीत फळे मात्र पहिली. त्याची बायको झेनोबिया मागून म्हणते कशी, "जाऊ द्या हो बाई, रसही गोडच असतो."

दोष काय, तर देठाशी तांबूस, खरखरीत डाग. अगं, त्या डागावरूनच तर आपली नासपती ओळखायची! अर्ध्या गावाची फळे त्याच पापासाठी रसात चालली होती. मी खुर्ची आणून यंत्रासमोर मांडली आणि इंजिनियर तेल्मुला सांगितले, याला हे कोणी शिकवले ते कळल्याशिवाय मी उठणार नाही. तो बिचारा घाबरून म्हणाला, "दोना दोमितिला, गावाने चांगल्या फळांचे जे फोटो काढू दिले, त्यावरूनच ते शिकलं."

फोटो! मग मला सगळा उलगडा झाला. गेल्या हंगामात फोटोसाठी फळे मागितली, तेव्हा आमच्या लोकांनी काय करावे? पहिल्या कम्युनियनला पोरे नटवावीत तशी फळे नटवली. गुळगुळीत तेवढी वेचली, धुतली, ऑलिव्हच्या तेलाच्या फडक्याने पुसली, आणि कुठे डाग दिसलाच तर ती बाजू मागे वळवली. (आमच्याकडे लग्नाच्या फोटोतसुद्धा कोणाला चामखीळ नसते.) यंत्र बिचारे समजले, चांगल्या फळाला डाग नसतोच.

मग मीच त्याला पुन्हा शिकवायला बसले. रोज सकाळी एकेक डागाळलेले फळ कॅमेऱ्यापुढे धरायचे आणि तेल्मुने "चांगले" अशी नोंद करायची. लोक दारातून डोकावून हसत. "दोमितिलाबाई यंत्राला धर्मशिक्षण देतायत!" "कबुलीजबाबही घ्या हो!" मी ढिम्म हलले नाही. चाळीस वर्षे मठ्ठ पोरे शिकवली. हे निदान खिडकीबाहेर बघत नाही. अखेर काल गावाची डागाची फळे धडाधड पहिल्या प्रतीत पडू लागली आणि एव्हारिश्तुने सर्वांदेखत टोपी काढली. सत्याचा विजय होतो, आल्बेर्तिना, फक्त त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसावे लागते.

तुझी, न वाकलेली,
दोमितिला

ता. क. माझी फळे आज पुन्हा रसात गेली. यंत्रात फळाच्या पोटात पाहणाराही एक दिवा आहे, हे तेल्मुने मला सांगितलेच नव्हते. कापून पाहिली. अळी आहे. जवळजवळ सगळ्यांत.

पुन्हा ता. क. तुमच्या मठामागच्या झाडांना यंदा फार सुरेख फळ धरले आहे असे ऐकते. दोन पेट्या, वर कापड घालून, बसच्या ड्रायव्हरबरोबर लगेच पाठव. विचारलेच तर मेणबत्त्या आहेत म्हणावे. मारियामातेला सगळे कळेल, पण ती एव्हारिश्तुला सांगायला जायची नाही. आणि फळे कोणाच्या बागेची, हे विचारायला यंत्राला मी शिकवलेले नाही.