‘किल’ला कर्ता लागतो

प्रिय लंबू,

मावशीकडे जाऊन तू अन्नपाणी टाकलंस आणि ‘मीच बाबांना मारलं’ एवढंच बोलतोस, असं ती फोनवर सांगत होती. सोमवारी चौकशीतही हेच सांगणार आहेस म्हणे. त्याआधी आईचं ऐक.

संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात मी तुम्हा कामगारांना ‘डाय’ आणि ‘किल’ शिकवले होते, आठवतं? ‘डाय’ला कर्म लागत नाही. माणूस मरतो, वाक्य संपतं, कुणाकडे बोट जात नाही. ‘किल’ला मरणारा लागतो, तसा मारणाराही. ‘वॉज किल्ड’ म्हणून त्याला वाक्याबाहेर काढता येतं, पण तो दाराआड उभा असतोच. तेव्हा मागच्या बाकावरून तुझे बाबा ओरडले होते, मास्तरीणबाई, आमच्या घरात कर्ता तुम्ही आणि कर्म मी! सगळा वर्ग खिदळला होता.

रंगाच्या टाकीत उतरणारा आपल्या कमरेचा दोर घरच्याच माणसाच्या हाती देतो, ही आपल्या कारखान्यातली जुनी रीत. आत जीव कोंडला की तो दोन झटके देतो, वरच्यानं ओढायचं. त्या दिवशी बाबांनी दोर तुझ्याकडे दिला. मग मुकादम, म्हणजे तुझा मामा, आला. ट्रक अडलाय, तू पळ, भाऊजींचा दोर मी धरतो, म्हणाला. तू घरच्याच हाती दोर दिलास. यात तुझं काय चुकलं? दोर नंतर कठड्याला बांधलेला सापडला. आणि कचेरीच्या इंग्रजी अहवालात काय, तर ‘डाइड’! म्हातारपणी झोपेत गेल्यासारखे! अरे, धडधाकट माणूस वर कुणी नाही म्हणून गुदमरतो, त्याला हा शब्द?

काल मामा आला होता. दारातच बसून रडला. ताई, साहेबांनी हाक मारली, गाठ मारून गेलो, लगेच परतणार होतो. अहवालात लिहिलंय तेच राहू दे, म्हणाला. आमची आई गेल्यावर ज्याला मी घास भरवून वाढवला, त्याला काल मी पाणीसुद्धा विचारलं नाही. सोमवारी मी उभी राहून वाक्य पुरं करणार आहे. हाक मारणारा साहेब आणि गाठ मारणारा माझा भाऊ, दोघांची नावं घेऊन. कामगारांच्या एवढ्या सभा गाजवल्या, पण पाठच्या भावाचं नाव घेताना माझं वाक्य अर्धवट राहील, अशी भीती वाटते. म्हणून लिहिते आहे. जेवून घे आणि ये. माझ्यामागे उभा राहा. या खेपेला माझा दोर तुझ्या हाती.

तुझीच,
आई