सुपेल्याचा ध्रुवतारा

सेक्टर २, भिलाई
रविवार

आदरणीय सिंधुताई यांस,
धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे जानरावचा, सविनय जयभीम.

पाकीट बघून घाबरू नका. इकडे सगळे खुशाल आहेत. (सगळे म्हणजे मी.) तुमचे गुडघे या थंडीत काय म्हणतात? साडूबुवांचा खोकला गेला की अजून घरीच मुक्कामाला आहे? धान घरात आलं असेल, तुमसरचा बाजार पुन्हा भरला असेल, आणि तुम्ही गुडघे दुखत असूनही तिथे पायी जात असाल, हे मी इथे बसून सांगू शकतो. फोन केला असता, पण तुमच्याकडे फोन आला की तो स्पीकरवर ठेवतात आणि घरातल्या माणसांबरोबर दारात उभा असलेला भाजीवालाही ऐकतो. मला जे सांगायचं आहे ते त्याच्या कामाचं नाही. म्हणून कागद घेतला.

विजया प्रेरणाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली हे तुम्हाला माहीत आहेच. बाळंतपण होऊन गेलं, नात रांगली, आता भिंत धरून चालते म्हणतात, पण आजी काही परतली नाही. प्रेरणा आणि जावई दोघेही नोकरीवर, लेकराला कोण बघणार, तेव्हा तिचं तिथे असणं रास्तच आहे. मी काही तक्रार करत नाही. दुर्ग स्टेशनवर तिला गाडीत बसवताना मीच मोठ्या आवाजात (समोरच्या बाकावरचं कुटुंबही ऐकत होतं) म्हणालो होतो की मला कोणी बोलवायचं नाही, मी माझ्या भिलाईत मजेत राहीन. तुमच्या बहिणीने ते शब्दशः पाळलं. प्रेरणा दर आठवड्याला "बाबा, या ना" म्हणते, जावईही म्हणतात. विजया म्हणत नाही. व्हिडिओ कॉलवर नात दिसते, प्रेरणा दिसते, आणि विजया कोपरापर्यंत दिसते. ते कोपर पोळ्या लाटत असतं आणि प्रेरणाला सांगतं, "जेवले का म्हणून इचार त्याईले." मी प्रेरणाला सांगतो की जेवलो म्हणून सांग. असा आमचा संसार सध्या लेकीच्या मार्फत चालू आहे.

तर बाबांना काहीतरी छंद लागावा म्हणून प्रेरणाने दिवाळीनंतर एक दुर्बीण पाठवून दिली. दुर्बीण एका खोक्यात आणि तिची घोडी दुसऱ्या, त्याहून जड खोक्यात. घोडी म्हणजे नुसते तीन पाय नव्हेत. त्यावर एक तिरपा दांडा असतो, दांड्याच्या एका टोकाला दुर्बीण आणि दुसऱ्या टोकाला तिला तोलून धरणारं लोखंडी वजन. वजन लावलं नाही तर दुर्बीण मान टाकून जमिनीकडे बघत बसते. (आमच्या घरचं वजन सध्या पुण्याला आहे, हे वाक्य तिच्या कानावर जाऊ देऊ नका.)

पुस्तिकेत लिहिलं होतं की आधी दिवसाउजेडी लांबची एखादी वस्तू बघून नेम जुळवून घ्यावा. म्हणून भर सकाळी क्वार्टरसमोर घोडी उभी केली आणि गल्लीच्या टोकाकडे नेम धरला. आता आमच्या गल्लीत असं एकही क्वार्टर नाही ज्याच्या मागे पत्र्याची एक जादा खोली किंवा गाडीसाठी शेड निघालेली नाही. तीन पायांवर यंत्र आणि त्याला डोळा लावलेला माणूस म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं, की जानरावला रिटायर झाल्यावर अतिक्रमण मोजायचं काम मिळालं. दुपारी एका घरून पुरणपोळी आली. संध्याकाळी दुसऱ्या घरून चहाचं आमंत्रण आलं आणि कधी नव्हे ते माझ्या रक्तदाबाची चौकशी झाली. लोक येऊन बसायचे, विजयावहिनी कधी येणार म्हणून विचारायचे, जाता जाता आपली शेड किती जुनी आणि किती लहान आहे हे सांगायचे. मी दुर्बीण आकाशासाठी आहे हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. पण ताई, पुष्कळ दिवसांनी घरात चार कप लागले होते. मी आठवडाभर गंभीर चेहऱ्याने नुसतं "बघू" म्हणत राहिलो. मग कोणीतरी मला चंद्राकडे बघताना पकडलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा एकाच कपाचा चहा करायला लागलो.

आता मुख्य प्रकार सांगतो. या घोडीचा तो तिरपा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखून ठेवावा लागतो. कारण सगळे तारे फिरतात आणि तो एकटा जागचा हलत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मी उभा जन्म रेल मिलमध्ये फिटर म्हणून काढला, आणि तो अलाइनमेंट करण्यातच काढला. मशीन मातीवर तीन पायांवर उभं करायचं हे माझ्या हाताला पटेना. आमच्यात मशीनला आधी फाउंडेशन लागतं. म्हणून अंगणात खड्डा खणला, सिमेंटचा ओटा ओतला, त्यात बोल्ट पुरले, वर लोखंडी प्लेट बसवली आणि रोज सकाळी उठून ओट्याला पाणी मारत राहिलो. (खरं सांगायचं तर उठण्यासाठी काहीतरी कारण मिळालं म्हणून ओटा वाळल्यावरही दोन-चार दिवस जास्त पाणी मारलं.) प्लेटवर फोनमधलं होकायंत्र ठेवलं तर ते गरगर फिरायला लागलं. जन्मभर पोलादात काढलेल्या माणसाला त्याचं कारण कळायला अर्धा तास लागायला नको होता. होकायंत्र गेलं खड्ड्यात म्हटलं आणि ताऱ्यावरच भरवसा ठेवला.

उत्तरेला, म्हणजे रुळांपलीकडच्या सुपेला वस्तीच्या बाजूला, एक तारा बरोबर दिसत होता. थोडा तांबूस होता, पण प्लांटच्या धुळीने इथे वाळत घातलेला पांढरा सदराही संध्याकाळपर्यंत तांबूस होतो, तेव्हा ताऱ्याला काय दोष द्यायचा? मी त्याची रीतसर परीक्षा घेतली. ओळंब्याची दोरी टांगली, तारा दोरीला चिकटवून धरला आणि जेवण करून परत येऊन बघितलं. बाकीचे तारे सरकले होते, हा केसभरही नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. पाय काढून घोडीचं डोकं प्लेटवर बसवलं, दांडा त्याच्यावर रोखला, नट आवळले, आणि पुन्हा कोणाचा धक्का लागून हलू नये म्हणून बुडाशी सिमेंट भरून टाकलं.

त्यानंतर मी दुर्बिणीने जे जे बघायला जावं ते ते तिच्यातून पळून जायचं. पुस्तिका तीनदा वाचली. लेकीने स्वस्तातली वस्तू पाठवली असावी असंही मनात आलं. एका संध्याकाळी शेजारचे चिंधूभाऊ (हे साकोलीकडचे, आमच्याबरोबरच प्लांटातून सुटले) भिंतीवर हात टेकून गंमत बघत उभे होते, आणि त्यांच्या देखत माझा ध्रुवतारा विझला. एकदम, बटण बंद केल्यासारखा. मी घाबरलोच. असा तारा जाणं म्हणजे जगावर मोठं काहीतरी आलं असणार, आणि अशा वेळी मी घरात एकटा. चिंधूभाऊ शांतपणे म्हणाले, "भाऊ, थो त मंगल भवनाच्या टाकीवरचा लाईट व्हय. सुपेल्याची लाईन गेली. येईन वापस." पाच मिनिटांत तो आलाही. तेव्हापासून गल्लीत कोणाची लाईट गेली की लोक मला येऊन विचारतात की ध्रुव कधी येणार.

ओटा फोडवेना. बुडाचं सिमेंट तेवढं छिन्नीने काढून दांडा सोडवला, घोडी पुन्हा तिच्या तीन पायांवर मातीत उभी केली, अंदाजाने खऱ्या उत्तरेकडे तोंड केलं, आणि परवा संध्याकाळी, गल्लीत पहिला कुकर व्हायच्या वेळेला, मला शनी दिसला. ताई, त्याला खरंच कडं आहे. पुस्तकात असतं तसंच, अगदी लहान, पिवळसर, आणि इतकं नीट की कोणीतरी बसून केलं असावं. मी डोळा न काढता हाक मारली, "विजया, लवकर ये." कोणी आलं नाही म्हणून चिडलो. आत गेलो, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पुन्हा हाक मारली. दिवा बंद होता. गॅसचा ओटा कोरडा होता. तिथे किती वेळ उभा राहिलो ते सांगता येत नाही. परत आलो तोवर शनी निघून गेला होता.

पुन्हा शोधून काढला. एवढी मोठी गोष्ट एकट्याने बघून ठेवायची कुठे, म्हणून भिंतीवरून चिंधूभाऊंना हाक मारली. ते आले, पण शनी म्हटल्यावर दोन पावलं मागे गेले. "आमच्या घरी शनिवारी लोखंड बी नाई घेत, अन् तुम्ही मले थ्याच्याकडं पाहाले लावून राहिले?" (या गृहस्थांनी सगळी नोकरी लोखंडातच काढली, शनिवारच्या पाळ्यांसकट.) फार आग्रह केला तेव्हा वाकले, नळीला डोळा लावला, छान आहे म्हणाले. पण डोळा घट्ट मिटलेला होता हे मला बाजूने स्वच्छ दिसत होतं. आले होते हेच पुष्कळ होतं.

तर अशी इकडची मजा चालली आहे. माझी काळजी करू नये. डबा वेळेवर येतो, प्रकृती उत्तम आहे, आणि आकाशात बघण्यासारखं अजून बरंच आहे म्हणतात. साडूबुवांना जयभीम, लेकरांना आशीर्वाद. गुडघ्यांना जपा, आणि बाजारात रिक्षाने जात जा.

आपला नम्र,
जानराव रामटेके

ता. क. हे पत्र विजयाला वाचून दाखवू नये.

ता. क. दाखवलंच तर दिवा विझल्याचा भाग दाखवा, तिला हसू येईल. स्वयंपाकघराचा भाग सोडून द्या.

ता. क. ताई, तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही. लेकराला तिची गरज आहे, हे मलाही कळतं. पण ती तुमच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा असं काहीतरी करा की तिने एकदा मला "या" म्हणावं. प्रेरणाने नाही, जावयांनी नाही, तिने, तिच्या तोंडाने. एकदाच म्हटलं तरी चालेल आणि रागाने म्हटलं तरी चालेल. हे मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नका.

ता. क. बॅग भरून ठेवली आहे. रोज सकाळी त्यातला टॉवेल काढतो, आंघोळ करतो, आणि वाळला की परत घडी करून आत ठेवतो.