आजचा फोन मी लावणार

मामा,

मोबाईल मी नेलाय, शोधू नका. घरात आवाज तुटतो म्हणून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन तुमच्या लेकाला मस्कतला फोन लावणार हाय. शून्य दाबून धरलं की अधिकचं चिन्ह येतं, पुढं त्यांचा नंबर. अंगणवाडीतल्या मिनाताईनं शिकवलं.

दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. आधी तुमी बोलता, मग आत्याबाई, मग सगळ्यांसमोर माझ्या हातात देता. सासू-सासऱ्यांसमोर सून "बरं हाय" याच्यापुढं काय बोलणार? तीन वर्षं तेवढंच बोलले. त्यांना ते खरंच वाटून राहिलं.

मागच्या शुक्रवारी तुमी त्यांना म्हणले, सूनबाई मजेत हाय, अजून दोन वर्षांचा करार कर. मी चुलीपाशीच होते, मला कुणी विचारलं न्हाई. उद्या ते सही करणार, म्हणून आजच जाते.

भाकरी टोपल्यात हायत, वरण चुलीवर हाय. माझ्या लेकराला, रुद्रला, शेजारी शालूकाकूकडं ठेवलंय.

आल्यावर विचारा, काय काय बोलले ते सगळं तुमच्या तोंडावर सांगीन. फक्त "बरं हाय" असं आता म्हणणार न्हाई.

शिवकन्या