एकदाच सांगायचं

९ फेब्रुवारी

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल. तुझं पत्र पोचलं, आणि दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

तू सभागृहात मांडलेल्या विधेयकामुळे आमच्यासारखी केंद्रं प्रत्येक जिल्ह्यात निघतील, अत्याचार सोसलेल्या मुलांच्या उपचारांना सरकारी पैसा मिळेल, हे मला शिकवू नकोस. अर्धा मसुदा मीच लिहून दिलाय. पण समितीतले लोक पाघळावेत म्हणून आमच्याकडची एखादी मुलगी त्यांच्यापुढे उभी करायची? वर "जरा नीट बोलणारी बघ" म्हणतोस! भाजी निवडतोयस का?

आमच्या खोलीत एक बुटकं टेबल, दोन खुर्च्या आणि कागद-खडू आहेत. मूल बोलतं, मी ऐकते. पोलीस, डॉक्टर, वकील काचेपलीकडे बसून ऐकतात. मुलाला तेच तेच दहा ठिकाणी उगाळावं लागू नये म्हणून एवढा खटाटोप. एकदाच सांगायचं, बस्स. तुझ्याच विधेयकाचं तिसरं कलम आहे हे. मांडण्याआधी वाचलंस तरी का?

परवा एक आठ वर्षांची मुलगी चाळीस मिनिटं नुसता निळा खडू घासत बसली होती. मग तीन वाक्यं बोलली. ती वाक्यं मी समितीतल्या अकरा अनोळखी माणसांपुढे पुन्हा वदवून घेणार नाही. विधेयक पडलं तर खापर माझ्यावर फोडू नकोस.

"तुला एवढं झोंबायला काय झालं?" असं लिहिलंयस. खरंच विचारतोस?

मीही एकदाच सांगितलं होतं. नऊ वर्षांची होते. जिन्याखाली तू सायकलची चेन बसवत होतास. शिकवणीच्या सरांबद्दल सांगितलं. तू हात पुसलेस आणि म्हणालास, "गप्प बस. आई हाय खाईल." दुसऱ्या दिवशी तूच मला त्यांच्या दारापर्यंत सोडून आलास. त्यांचा फोटो आज तुझ्या ऑफिसात, खुर्चीमागे लावलेला आहे.

तू तेव्हा सोळाचा होतास, म्हणून इतकी वर्षं गिळून बसले. आता तू सोळाचा नाहीस.

समितीला ऐकायचंच असेल तर मुलगी नको, मी येते. सरांचं नाव सांगेन, आणि मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं तेही. लोक पाघळतील, विधेयक मंजूर होईल. तारीख तेवढी कळव.

जिन्याखालच्या त्या दिवसापर्यंत जिला तू 'बडबडी' म्हणायचास,
ती