मसाला कांडपाची वेबसाइट

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५. दुपारी.
रणजितचा पुण्याहून फोन. म्हणाला, आई, या उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं तर आलं, नाहीतर कांडपाचं मशीन विकू आणि तुम्ही दोघं इकडं या. मी म्हटलं, बघू. सासूबाईंनी उखळात सुरू केलेलं काम, मी मशीनवर आणलं. जळोची सोडून मी कुठंही जाणार नाही. गेल्या साली गिऱ्हाईक कमी आलं ते लोकांना माहीत नसल्यामुळं. चव तीच आहे.
तर वेबसाइट काढायची. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वेबसाइटवर मिरची कुटता येती व्हय?

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
बारामतीला भिगवण रोडला गेले. शेजारणीची भाची श्रेया, तिचं कॉम्प्युटरचं ऑफिस आहे. तिनं तीन तऱ्हा दाखवल्या. दुकानवाली, पाच पानी, एक पानी. दुकानवालीत लोक घरबसल्या पैसे भरतात. वास न घेता मसाल्याचे पैसे भरणारी माणसं मला नकोतच. पाच पानांत लिहायचं काय? मिरची भाजतो, कुटतो, चाळतो. एक पानी घेतली. स्वस्त म्हणून नव्हे. सुटसुटीत म्हणून.

रविवार, ९ फेब्रुवारी.
मजकूर मीच लिहिला. मॅट्रिकला मराठीत चांगले मार्क होते.
फोन नंबर द्यायचा नाही. सकाळी पोथी असते, मध्येच उठलं तर अध्याय पहिल्यापासून. ह्यांचा द्यावा तर हे गिऱ्हाइकाला उसाचा भाव विचारत बसतात. मसाल्याचा भावही नको, धाकटी जाऊ वाचेल. स्वरूपा. तिची चौकात पिठाची गिरणी आहे. फोटो मशीनचा नको, दृष्ट लागते. माझा तर नाहीच. बिरोबाचा टाकायचा. पत्ता: ‘बिरोबाच्या देवळाजवळ, कुणालाही विचारा.’ आमच्यात लग्नपत्रिकेवरही एवढंच छापतात आणि सगळा तालुका जेवून जातो.
श्रेया म्हणाली, मावशी, नंबरच नाही टाकला तर गिऱ्हाइकानं काय बिरोबाला फोन लावायचा? म्हटलं, लावला तर वाईट काय. पोरगी गुणी आहे. श्रद्धा कमी.

बुधवार, २६ फेब्रुवारी. महाशिवरात्र.
वेबसाइट चालू. उघडली की आधी देव, मग ‘श्री बिरोबा प्रसन्न’, मग पुष्कळ खाली कांडप. योग्य तोच क्रम. मोबाइल जमिनीवर ठेवणं बंद केलं. देव पायाशी येतो.
गिऱ्हाईक नाही. उपासाच्या दिवशी मसाला कोण कुटतं.

मंगळवार, ११ मार्च.
गिऱ्हाईक नाही. श्रेया म्हणाली, बघणारे वाढलेत, मावशी. वाटलंच होतं. बघितलेलं माणूस कधी ना कधी येतं. ओसरीवर सतरंजी टाकून ठेवली.
श्रेयाकडून येताना पाहिलं, स्वरूपानं गिरणीत मिरचीचंही मशीन बसवलंय. पोती, बाहेरगावच्या बायका, ठसका. आमच्या वेबसाइटमुळं तिचंही भलं होतंय. आनंद वाटायला हवा होता. वाटेल.

शनिवार, २२ मार्च.
कळसहून बानूबाईचा फोन, ह्यांची चुलतबहीण. तिच्या नणंदेकडं लग्न आहे. सगळ्या भावकीचा मसाला कुटायचाय. म्हणाली, वैनी, तुझ्याकडंच धाडते, पत्ता नीट सांग. म्हटलं, वेबसाइट आहे, बघून या म्हणावं. हे एक काम झालं की रणजितचं तोंड बंद.

बुधवार, २६ मार्च.
सकाळी मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं. लग्नघरची जीप चौकात थांबली. ओसरीवरून दिसते. हाक मारली नाही, ही काय मंडई आहे? जीप तिथंच राहिली.
दुपारी त्यातल्या दोघी पाणी मागायला आल्या. चहा केला. कसं येणं केलं, विचारलं. थोरली म्हणाली, मसाला टाकलाय चौकातल्या बाईकडं, येळ लागंल म्हनली. बानूनं सांगितलं मोबाइलवर बघा, बघितलं तर त्ये देऊळच निघालं! मग हितं येऊन इचारलं कांडप कुठं हाय, तर समद्यांनी त्या बाईकडंच बोट केलं. दुसरी म्हणाली, पर फोटो लई झ्याक हाय, आमच्या सासूनं मोबाइलला हात जोडलं.
म्हटलं, हो, चांगला आहे. माझंही कांडप आहे असं बोलले नाही. चहा पाजून गिऱ्हाईक फोडल्यासारखं दिसलं असतं. जाताना त्यांना मशीन दिसलं. हे चालू हाय का, म्हणाल्या. सध्या नाही, म्हटलं.
नंतर भाकरी टाकल्या. काही वाटलं नाही.

रविवार, ६ एप्रिल. रामनवमी.
नंबर टाकायचा ठरवलं. श्रेया म्हणाली, आत्ता टाकते. म्हटलं, पारायण चालू आहे, समाप्ती होऊ दे. हे म्हणाले, तवर मिरची संपंल बाजारातली. ह्यांना प्रत्येक गोष्टीची घाई.

सोमवार, २१ एप्रिल.
पारायण झालं. काल नंबर टाकला आणि आज सकाळपासून फोन! पहिला माणूस इंदापूरचा. विचारलं, देवाची जत्रा कधी असते? सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, नवस फेडायला बकरं चालतं का. तिसऱ्याला मुक्कामाची सोय हवी होती. सगळ्यांना नीट माहिती दिली. कांडपाचं विचारायचं कुणाच्या लक्षात आलं नसावं. सेवा घडली.

गुरुवार, १ मे. संध्याकाळी.
रणजित आला होता. मशीन गेलं. स्वरूपानं घेतलं, तिला एक पुरत नाही म्हणे. हे म्हणाले, घरातच राहिलं की. जिथं मशीन होतं ती जागा झाडून घेतली. फरशी तेवढीच लाल आहे.
रणजित म्हणाला, मग पुण्याला कधी निघायचं? म्हटलं, आता कसं जमेल. स्वरूपानं मिरची भाजायला बोलावलंय. म्हणाली, अक्का, तुमच्यासारखी भाजणी माझ्या बायकांना जमंना. तिची अडचण आहे, नाही कसं म्हणायचं. शिवाय ते मशीन तिच्या सवयीचं नाही, जवळ कुणीतरी जाणतं हवं. मी काही कामाला जात नाही. लक्ष ठेवायला जातेय.
उद्यापासून सकाळी आठला. पोथी उठून आधीच वाचायची. डबा घरून न्यायचाय. उशीर केलेला तिला चालत नाही, म्हणाली.