माझा निरोप सिलासने वाचावा

मी, हिल्डा माएलासी, राहणार होनियारा, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र करते. पाय सुजलेत, डोकं ठिकाणावर आहे.

१. टेकडीवरचं घर, मागचा रताळ्यांचा मळा आणि आईकडून आलेली लाल शंखमण्यांची माळ माझी लेक नेस्टा हिला द्यावी. बँकेतल्या शिल्लकीतून दफनाला येणाऱ्यांना डुकराचं जेवण घालावं. भाषणं करणाऱ्यांना शेवटी वाढावं.

२. माझा रेडिओ भाचा सिलास याला. तो मंत्रालयात बातम्या लिहितो, म्हणून कारण सांगते.

मी रेडिओवर लोकांचे निरोप वाचत असे: कोण कुठल्या बोटीने येतंय, कोणाला मूल झालं, कोण वारलं. सरकारी बोट बुडाली त्या संध्याकाळी मंत्रालयाची बातमी वाचली गेली, की सर्व प्रवासी सुखरूप. त्यानंतर निरोपांची वेळ. दाराशी बायकांची रांग, प्रत्येकीकडे मृत्यूचा निरोप. रेडिओ केंद्राचे साहेब धावत आले.

"हिल्डा, आत्ताच सगळे सुखरूप म्हटलंय ना? मग हे मेलेले कुठून आणलेस?"

"मी कशाला आणू? घरच्यांनी आणलेत, किनाऱ्यावरून उचलून."

"अगं, बातमी सरकारची आहे!"

"असू द्या की. निरोप यांचा आहे. त्यातला शब्द बदलायचा नाही, हा नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय."

मी वाचत गेले. बाहेर आले तर अख्खा बाजार रेडिओला कान लावून उभा! सुपारीवाल्यांनी टोपल्या झाकलेल्या, बसवाल्यांनी बस बंद केलेल्या. आपल्या माणसाचं नाव येईपर्यंत कोणी हुंदकाही दिला नव्हता, दुसऱ्यांना त्यांच्या माणसाचं नाव ऐकू यावं म्हणून. जन्मभर समुद्र पाहिला, पण माझी छाती दडपली ती त्या शांततेने.

मंत्रालयाने ती बातमी कधीच मागे घेतली नाही.

सिलास, माझ्याकडे जेवताना तू म्हणालास, "आत्या, लोकांना बरं वाटेल तेच सांगावं." तेव्हा मी तुला मासा वाढला. उत्तर आता देते.

३. माझ्या मृत्यूचा निरोप सिलासने स्वतः रेडिओवर वाचावा. एक शब्द जरी बदलला तर रेडिओ नेस्टाला जावा. निरोप असा:

"हिल्डा माएलासी वारली. सरकारी बोटीवर बुडून मेलेला तिचा भाऊ लेनर्ड याच्या शेजारी तिला पुरतील. निरोप वाचणारा, लेनर्डचा मुलगा सिलास."

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: हिल्डा माएलासी
साक्षीदार: रूबेन तोआता, चर्चचे उपदेशक
ग्रेस किओ, शेजारीण. त्या दिवशी बाजारात होती
होनियारा, १४ ऑगस्ट २०११