मुकुंदचं गाठोडं

६ जानेवारी १९५६, नागाव
मामाने नैरोबीहून बोटीचं तिकीट धाडलं. इंटर अर्धं टाकून आलो तेव्हापासून आई आज पहिल्यांदा हसली. प्रोफेसरांशी भांडलास त्याचं हे फळ, असं बाबा म्हणतात.
दोन वर्षं काढीन तिकडे. मग शेजारच्या वाडीत जाऊन बापूकाकांकडे शालूला सरळ मागणी. तोवर थांबेल ती? आज विहिरीवर विचारलं. म्हणे, "तू आधी जा तरी."
याचा अर्थ काय?

९ जाने.
बापूकाका स्वतः आले. एरवी मला साधं "बस" म्हणत नाहीत, आज पाठीवर हात! "मुकुंद येईल बंदरावर. नैरोबीच्या गाडीत बसवून देईल तुला. त्याच्यासाठी एवढं गाठोडं ने."
मुकुंद म्हणजे त्यांच्या मित्राचा मुलगा. मोंबाशाला नोकरी. गोरापान. आईला विचारलं, त्याचं लग्न झालंय का? "कुणास ठाऊक. आईवडिलांना घेऊन गेला तिकडे, एवढं ऐकलंय."
मांजरपाटात शिवलेलं. टाके शालूचे, मी ओळखतो.
"आत काय आहे?"
"घरचंच रे. सुंठ, वेखंड, आमसुलं." मग दारात वळून, "उसवू नको हो."
सुंठ उसवू नको म्हणून कुणी बजावतं?

११ जाने., मुंबई
पहाटे शालू कुंपणाशी आली. बोट लागू नये म्हणून आलेपाक दिला.
"गाठोड्यात काय शिवलंस?"
"बाबांनी दिलं ते."
"मुकुंदसाठी?"
"तुझ्या डोक्याला ना, एकदा कल्हई करून घे." हसली. पण डोळे लाल. माझ्यासाठी की...
रेवसपर्यंत पांडूची बैलगाडी. गाठोडं मांडीवर.
"ठेवा की खाली, दादा. पोर हाय का त्ये?"
"तू बैल बघ."
"बघतूय. बैल गप हायत, तुमीच फुसफुसताय."
लाँचमध्येही गाठोडं मांडीवरच.

१२ जाने., गोदी
इथल्या कस्टमवाल्याने गाठोडं नुसतं दाबलं आणि खडूची फुली मारली. उघडलं असतं तर बरं झालं असतं. मी उसवलं असं तरी झालं नसतं.

१७ जाने., बोटीवर
आलेपाक संपला.
गाठोडं चाचपून पाहिलं. दाणे लागतात. तांदूळ! मोंबाशाला काय तांदूळ मिळत नाहीत? शेजारी टणक, गोल. सुपारी.
अक्षता. दुसरं काय! शालूच्या लग्नाची अक्षत, आणि पोचवणारा मी. बापूकाका, पाठीवर हात उगाच नव्हता तर!
कठड्यापर्यंत नेलं. परत आणलं. टाके तिचे आहेत.

२२ जाने., मोंबासा
कस्टम. कारकून गोव्याचा निघाला. कात्रीने टाके कापले. मला बघवेना.
सुंठ हुंगली. आमसूल चाखून तोंड वाकडं केलं. वेखंड वर धरून, "हें कितें रे?"
"औषध. उगाळून देतात."
"कोणाक?"
काय सांगू? बाळालाही देतात, म्हाताऱ्यांनाही.
वाळलेलं सगळं जाऊ दिलं. तांदळाची पुरचुंडी सापडली तेव्हा मान हलवली. दाणे, बियाणं चालत नाही. मग हळूच म्हणाला, शिजवून खायचे म्हणून सांग, साहेबाला विचारून बघतो.
"नको! फेका ते!" ओरडलोच मी. मागची रांग बघायला लागली. त्याने खांदे उडवले, डब्यात ओतले. कसं गार वाटलं जिवाला.
आणि मग तळातून निघालं, हिरवा खण, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी.
अक्षता कसल्या! ही ओटी. तांदूळ ओटीचे होते.
म्हणजे मुकुंदला बायको आहे? तर मी शुद्ध गाढव. की ही त्याच्या आईची ओटी? होणाऱ्या विहिणीला म्हणून? तर मग...
बाहेर मुकुंद उभा. एकटाच. उसवलेलं गाठोडं हातात तोलून म्हणाला, "तांदूळ काढून घेतले वाटतं? असू दे. चल, घरात सकाळपासून वाट बघणं चाललंय."
"घरात म्हणजे कोण?"
"अरे, घरात म्हणजे घरात!" आणि मोठ्याने हसला.
आपले लोक बायकोलाही ‘घरात’ म्हणतात आणि घरालाही. वाट बघतेय म्हणाला असता, बघतायत म्हणाला असता, तरी काही कळलं असतं. बघणं चाललंय!
गाडी संध्याकाळची. आधी जेवायला चल म्हणतो. मोटार आणायला गेलाय, मी ट्रंकेवर बसून लिहितोय. समोर वाण्याचं दुकान आहे, दारात तांदळाची पोती. बायको असेल तर पिशवीभर घेऊन जातो, तिच्या पाया पडतो. विहीणबाई असतील तर दाणा नेणार नाही. पण आत गेल्याशिवाय कळायचं कसं, आणि कळल्यावर वाणी कुठला?
मोटार आली. काचेवर ऊन आहे. मागे कुणी बसलंय का, इथून दिसत नाही.